मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील सवलत : दिली खरी, पण लिहिली कोठे?

अँड्रॉइडवर चालणारा मोबाइल फोन, घरातील वाय-फायचा राउटर आणि दिवाणखान्यातील स्मार्ट टीव्ही या तीन वस्तूंमध्ये एक गोष्ट बहुधा समान असते. तिन्हींच्या पोटात लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीचा गाभा चालू असतो. असे सॉफ्टवेअर कोणालाही घेता येते, वाचता येते, बदलता येते. मात्र ‘मुक्त’ म्हणजे ‘बेवारस’ नव्हे. त्याला मालक असतात, परवाना असतो, परवान्याला अटी असतात आणि त्या अटींना अपवादही असतात.

अटींची चर्चा वारंवार होते, अपवादांची क्वचितच. वास्तविक एखादे उत्पादन कायदेशीररीत्या बाजारात आणता येईल की नाही, हे अनेकदा चार ओळींच्या अपवादावर ठरते. तो अपवाद कोणी दिला, कोणत्या फाइलला दिला आणि कोणत्या शब्दांत दिला, याची नोंद जागेवर नसेल तर सवलत असूनही ती दाखविता येत नाही. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यात न चढलेल्या वहिवाटीसारखी तिची गत होते. वहिवाट खरी असते, पण खरेदीदाराच्या वकिलाला ती कागदावर हवी असते.

एका चमच्याचे विरजण

अपवाद समजून घेण्यासाठी आधी नियम पाहावा लागेल. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘जीएनयू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. या चळवळीतून ‘जनरल पब्लिक लायसन्स’ अर्थात जीपीएल हा परवाना जन्माला आला. त्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये, दुसरी १९९१ मध्ये आणि तिसरी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली.

जीपीएलचा मूळ विचार सोपा आहे. सॉफ्टवेअर घ्या, वापरा, त्यात बदल करा. पण ते दुसऱ्याला देताना त्याचा सोर्स कोडही द्या आणि तुम्हाला मिळालेले सर्व अधिकार त्यालाही द्या. तुम्ही त्यात आपला कोड मिसळून नवे सॉफ्टवेअर तयार केले आणि ते इतरांना दिले, तर ते संपूर्ण सॉफ्टवेअर जीपीएलखालीच द्यावे लागते. या तत्त्वाला ‘कॉपीलेफ्ट’ म्हणतात. चमचाभर विरजणाने पातेलेभर दुधाचे दही व्हावे, तसा हा प्रकार आहे. दही हवे असणाऱ्याला त्यात आनंदच आहे. ज्याला दूध दूधच ठेवायचे आहे, त्याला मात्र चमचा कोठे बुडतो आहे याकडे लक्ष ठेवावे लागते.

काही ठिकाणी हे विरजण लागावे असे खुद्द परवाना देणाऱ्यांनाच वाटत नाही. तेथे ते परवान्यासोबत एक जादा परवानगी जोडतात. अमुक प्रकारे वापर केल्यास जीपीएलची अमुक अट लागू होणार नाही, असे त्यात लिहिलेले असते. हाच ‘परवान्याचा अपवाद’. एक बाब येथे ध्यानात ठेवली पाहिजे. अपवाद वापरकर्त्याचे हक्क वाढवितो. जादा बंधन घालणाऱ्या कलमाला या अर्थाने अपवाद म्हणता येत नाही.

कंपायलरची अडचण

अपवादाची गरज सर्वांत आधी जाणवली ती कंपायलरसारख्या साधनांना. प्रोग्रॅमरने लिहिलेल्या कोडचे यंत्राला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर म्हणजे कंपायलर. जीएनयू प्रकल्पाचा ‘जीसीसी’ हा कंपायलर १९८७ पासून उपलब्ध आहे. रूपांतर करताना हा कंपायलर स्वतःच्या साहाय्यक लायब्ररीतील काही तुकडे तयार प्रोग्रॅममध्ये घालतो. ही लायब्ररी निव्वळ जीपीएलखाली असती, तर जीसीसीने तयार केलेला प्रत्येक प्रोग्रॅम जीपीएलच्या कक्षेत आला असता. मग व्यावसायिक कंपन्यांनी तो कंपायलर हाती धरलाच नसता. म्हणून या लायब्ररीला अपवाद जोडण्यात आला.

जीसीसी २००७ मध्ये जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीकडे वळला, तरी या अपवादाची नवी शब्दरचना तयार होण्यास २००९ उजाडले. त्या वर्षी ‘जीसीसी रनटाइम लायब्ररी एक्सेप्शन’ची ३.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात एक अटही आहे. जीपीएलशी विसंगत सॉफ्टवेअर जीसीसीच्या अंतर्गत प्रक्रियेत मधेच जोडून रूपांतर केले असेल, तर ही सवलत मिळत नाही. म्हणजे अपवाद आहे इतके माहीत असणे पुरेसे ठरत नाही. त्याची कोणती आवृत्ती लागू आहे आणि ती काय सांगते, हेही पाहावे लागते.

‘बायसन’ या साधनाची कहाणी हेच सांगते. प्रोग्रॅमिंग भाषांचे व्याकरण तपासणारा कोड बायसन आपोआप लिहून देते आणि त्या कोडमध्ये बायसनचा स्वतःचा बराच मजकूर उतरतो. १.२४ या आवृत्तीपूर्वी असा कोड केवळ मुक्त सॉफ्टवेअरमध्येच वापरता येत असे. पुढे सी भाषेतील एका ठरावीक प्रकारच्या कोडला सवलत मिळाली आणि २.२ या आवृत्तीपासून ती व्यापक करण्यात आली. साधन एकच आणि त्याचे नावही एकच. परंतु कोणत्या आवृत्तीने कोड तयार केला यावर कायदेशीर उत्तर बदलते.

टॉर्वाल्ड्स यांची टीप

लिनक्सचे जनक लायनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९२ मध्ये आपल्या प्रणालीसाठी जीपीएल स्वीकारला. संगणकावर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम फाइल उघडण्यासाठी, स्मृती मिळविण्यासाठी प्रणालीच्या गाभ्याला विनंती करत असतो. मग लिनक्सवर चालणारे प्रत्येक सॉफ्टवेअर जीपीएलखाली येते काय? हा गैरसमज टाळण्यासाठी टॉर्वाल्ड्स यांनी परवान्याच्या मजकुरावर एक छोटी टीप जोडली. नेहमीच्या ‘सिस्टिम कॉल’द्वारे गाभ्याच्या सेवा वापरणारे प्रोग्रॅम या परवान्याच्या कक्षेत येत नाहीत, असा तिचा आशय आहे. लिनक्सवर व्यावसायिक डेटाबेस, बँकांची सॉफ्टवेअरे आणि मोबाइलमधील अ‍ॅप निर्धास्तपणे चालतात, त्यामागे या टिपेने दिलेली स्पष्टता आहे.

परंतु ही टीप वर्षानुवर्षे मुख्य परवान्याच्या फाइलमध्येच होती. लिनक्समधील काही ‘हेडर’ फाइली खास बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी असतात. त्या प्रोग्रॅममध्ये समाविष्ट केल्याखेरीज गाभ्याशी बोलताच येत नाही. यांतील अनेक फाइलींवर परवान्याचा उल्लेखच नव्हता, तर काहींवर केवळ जीपीएल असे लिहिले होते. सवलतीचा मागमूस नव्हता. २०११ मध्ये अँड्रॉइडच्या संदर्भात यावरून जाहीर वाद झडला. अँड्रॉइडच्या सी लायब्ररीसाठी लिनक्सच्या हेडर फाइलींतील मजकूर गाळून घेण्यात आला होता. त्यामुळे जीपीएलचा भंग होतो, असा आक्षेप काहींनी घेतला. टॉर्वाल्ड्स यांनी तो फेटाळून लावला. पण फाइलींवरच सवलतीची नोंद असती, तर आक्षेपाला जागाच उरली नसती.

ती नोंद करण्याचे काम २०१७ मध्ये हाती घेण्यात आले. लिनक्सच्या ४.१४ या आवृत्तीच्या तयारीत, परवान्याचा उल्लेख नसलेल्या ११ हजारांहून अधिक फाइलींवर जीपीएलची ठरावीक ओळ घालण्यात आली. बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी असलेल्या सुमारे ९३० फाइलींवर जीपीएलसोबत ‘लिनक्स सिसकॉल नोट’ हा अपवादही नोंदविण्यात आला. तोवर २५ वर्षे सर्वांना ‘ठाऊक’ असलेली सवलत अशा रीतीने फाइलगणिक कागदावर आली.

जावा : प्रत्येक फाइलचा वेगळा दाखला

जावा ही भाषा विकसित करणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्सने नोव्हेंबर २००६ मध्ये जावा जीपीएलखाली खुली करण्याचा निर्णय जाहीर केला. जावात लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम जावाच्या मूळ लायब्ररीला जोडला जातो. लायब्ररी निव्वळ जीपीएलखाली गेली असती, तर जगभरच्या व्यावसायिक जावा प्रोग्रॅमचे काय, हा प्रश्न उभा राहिला असता. त्यावर सनने ‘क्लासपाथ अपवाद’ वापरला. हा अपवाद मुळात जीएनयू प्रकल्पाच्या ‘क्लासपाथ’ या जावा लायब्ररीसाठी तयार झाला होता. त्यानुसार लायब्ररीला जोडलेला स्वतंत्र प्रोग्रॅम कोणत्याही परवान्याखाली देता येतो.

ही सवलत ओपनजेडीकेच्या सर्वच फाइलींना सरसकट लागू नाही, हे येथे महत्त्वाचे. लायब्ररीच्या ज्या फाइलींच्या माथ्यावर ‘ही फाइल क्लासपाथ अपवादास पात्र आहे’ अशा आशयाचे वाक्य आहे, तेवढ्यांनाच ती मिळते. जावाचे यंत्र चालविणाऱ्या ‘हॉटस्पॉट’ या भागातील फाइली साध्या जीपीएलखाली आहेत. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली, तरी ही पद्धत टिकून राहिली. एकाच प्रकल्पात, एकाच परवान्याखाली, शेजारशेजारच्या दोन फाइलींना वेगवेगळे नियम असू शकतात. म्हणूनच ‘ओपनजेडीके अपवादासह जीपीएलखाली आहे’ हे ढोबळ विधान अर्धे खरे ठरते.

नोंद नसल्याची किंमत

अपवाद नसल्याने किंवा तो वेळेवर न लिहिल्याने काय घडते, याचा धडा ‘केडीई’ प्रकल्पाने दिला. लिनक्सला देखणा डेस्कटॉप मिळावा म्हणून हा प्रकल्प १९९६ मध्ये सुरू झाला. तो ज्या ‘क्यूटी’ लायब्ररीवर बेतला होता, तिचा परवाना तेव्हा जीपीएलशी जुळत नव्हता. या मतभेदातून १९९७ मध्ये ‘ग्नोम’ हा प्रतिस्पर्धी डेस्कटॉप सुरू झाला. १९९८ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाने केडीईच्या तयार प्रती वाटण्यास नकार दिला. केडीईच्या लेखकांनी स्वतःच्या कोडपुरती क्यूटीला जोडण्याची परवानगी लेखी जोडली असती, तर त्यांच्या कोडची अडचण दूर होणार होती. परंतु केडीईत इतरांनी लिहिलेला जीपीएलखालील कोडही मिसळला होता. त्याला अपवाद देण्याचा अधिकार केवळ त्या मूळ लेखकांना होता. अखेर २००० मध्ये क्यूटी लायब्ररीच जीपीएलखाली आली, तेव्हा हा पेच सुटला.

‘मायएसक्यूएल’ आणि ‘पीएचपी’ यांचे उदाहरणही बोलके आहे. संकेतस्थळे उभारण्यासाठी ही जोडी २००० च्या दशकात घरोघरी वापरली जात होती. मायएसक्यूएलने आपली जोडणी करणारी लायब्ररी अधिक सैल परवान्याकडून जीपीएलकडे नेली. पीएचपीचा परवाना जीपीएलशी विसंगत असल्याने दोहोंची गाठ कायदेशीरदृष्ट्या सैल झाली. २००४ मध्ये मायएसक्यूएल कंपनीने मुक्त सॉफ्टवेअरसाठी खास अपवाद जाहीर केला. कोणकोणत्या परवान्यांखालील सॉफ्टवेअरला ही सवलत मिळेल, याची यादीच त्यात होती. पुढे या मजकुरात वेळोवेळी बदल झाले. साहजिकच अपवाद नोंदविताना त्याची तारीख वा आवृत्ती नोंदविणे आवश्यक ठरले.

या साऱ्याला न्यायालयात काही किंमत आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. २००४ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएलच्या भंगाबद्दल एका नेटवर्क उपकरण कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला. अमेरिकेत २००८ मध्ये ‘जेकबसन विरुद्ध कॅट्झर’ या खटल्यात, मुक्तस्रोत परवान्यातील अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असा निर्णय अपील न्यायालयाने दिला. तो वाद खेळण्यातील रेल्वे चालविणाऱ्या छंदी मंडळींच्या सॉफ्टवेअरवरून झाला होता. विषय छोटा असला, तरी तत्त्व मोठे होते.

देवनागरी फाँटचा प्रश्न

हा विषय केवळ संगणक अभियंत्यांचा नाही, हे फाँटच्या उदाहरणावरून कळते. फाँट हेही एक प्रकारचे सॉफ्टवेअरच. मराठी पुस्तकाची पीडीएफ तयार करताना फाँटचा काही भाग त्या पीडीएफमध्येच जाऊन बसतो. फाँट जीपीएलखाली असेल तर कादंबरीही जीपीएलखाली येणार काय? हास्यास्पद वाटणारा हा प्रश्न कायद्याच्या भाषेत खरोखर उपस्थित होतो. म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ‘फाँट अपवाद’ तयार केला. दस्तऐवजात फाँट बसविल्यामुळे तो दस्तऐवज जीपीएलखाली येत नाही, असे हा अपवाद सांगतो.

लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या अनेकांच्या परिचयाची ‘लोहित’ फाँटमाला रेड हॅट कंपनीने प्रथम जीपीएलखाली दिली होती. २०११ मध्ये ती ‘ओपन फाँट लायसन्स’ या फाँटसाठीच तयार केलेल्या परवान्याखाली आणण्यात आली. फाँट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजांना या परवान्याची अट लागू नाही, हे त्याच्या मूळ मजकुरातच नमूद आहे. म्हणजे जे अपवादाने साधायचे, ते तेथे परवान्यानेच साधले आहे. अपवादाची गरज सर्वांनाच पडत असेल, तर त्याला नियमात स्थान देणे हाही एक मार्ग असतो. मात्र जीपीएलखालील जुनी प्रत आजही एखाद्या प्रकाशकाच्या संगणकावर असू शकते. तिच्यासोबत कोणता परवाना आला होता, हे त्या प्रतीसोबतची फाइलच सांगू शकते.

देणारा कोण, काढणारा कोण?

गृहनिर्माण सोसायटीत ‘आधीच्या चेअरमननी तोंडी परवानगी दिली होती’ असे सांगणारा एक तरी सभासद असतोच. नवी कमिटी आली की ती ठरावाची नोंद मागते आणि इतिवृत्तात काही सापडत नाही. सॉफ्टवेअर प्रकल्पातही नेमके हेच होते. एखाद्या प्रमुख विकासकाने कोणाला तरी ई-मेलने ‘हरकत नाही’ असे कळविलेले असते. पण तो कोड एकट्याचा नसतो.

अपवाद देण्याचा अधिकार कॉपीराइटधारकाचा. प्रकल्पात शंभर जणांनी कोड लिहिला असेल आणि प्रत्येकाने आपला हक्क स्वतःकडे ठेवला असेल, तर आधीच्या कोडला नवा अपवाद जोडण्यासाठी त्या सर्वांची संमती लागते. जीएनयूच्या अनेक प्रकल्पांत लेखक आपले हक्क फाउंडेशनच्या नावे करतात, त्यामुळे तेथे एका निर्णयाने अपवाद देता येतो. लिनक्समध्ये हजारो लेखक आहेत, तेथे हे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून अपवाद द्यायचा असल्यास तो प्रकल्पाच्या आरंभीच लिहून ठेवावा, असा शहाणपणाचा दंडक आहे.

अपवाद काढण्याचा नियम मात्र उलटा आहे. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीतील सातव्या कलमानुसार, सॉफ्टवेअर पुढे देणारा कोणीही आपल्या प्रतीवरील जादा परवानगी काढून टाकू शकतो. मूळ प्रकल्पात असलेली सवलत त्याच्या बदललेल्या प्रतीत असेलच असे नाही. याच कलमाने नोंदीचे बंधनही घातले आहे. जादा अटी जोडणाऱ्याने त्या संबंधित फाइलींमध्येच लिहाव्यात किंवा त्या कोठे सापडतील याची सूचना तेथे द्यावी, असे ते सांगते. फाउंडेशनचा ‘लेसर जीपीएल’ हा सौम्य परवानासुद्धा २००७ पासून जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीवर जोडलेल्या जादा परवानग्यांच्याच स्वरूपात लिहिलेला आहे.

नोंद कशी असावी?

गेल्या दीड दशकात या नोंदीची एक सर्वमान्य पद्धत रूढ झाली आहे. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘एसपीडीएक्स’ हे प्रमाण विकसित झाले. त्याची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०२१ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ‘आयएसओ’ची मान्यता मिळाली. प्रत्येक परवान्याला आणि प्रत्येक अपवादाला एक ठरावीक लघुनाम, हे त्याचे सूत्र. परवाना आणि अपवाद यांना ‘विथ’ या शब्दाने जोडले जाते. ‘जीपीएल-२.० विथ लिनक्स-सिसकॉल-नोट’ ही एक ओळ फाइलीच्या माथ्यावर असली की माणसालाही कळते आणि तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमलाही. पूर्वी ‘क्लासपाथ अपवादासह जीपीएल’ हा जणू वेगळाच परवाना मानून त्याला एकत्रित नाव दिले जाई. परवाना वेगळा, अपवाद वेगळा आणि दोहोंची जोडी वेगळी, ही मांडणी पुढे स्वीकारली गेली.

लिनक्समध्ये परवान्यांसाठी वेगळा फोल्डर असून त्यात अपवादांचा स्वतंत्र कप्पा आहे. तेथील प्रत्येक फाइलीत अपवादाचे लघुनाम, तो कोणकोणत्या परवान्यांसोबत वापरता येतो याची यादी, वापराची पद्धत आणि अपवादाचा पूर्ण मजकूर अशी माहिती असते. फाइलींवरील ओळी या यादीशी जुळतात की नाही, हे तपासणारा एक छोटा प्रोग्रॅमही सोबत दिलेला आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपने २०१७ मध्ये सुरू केलेला ‘रियूज’ उपक्रम हीच शिस्त लहान प्रकल्पांसाठी सुटसुटीत करून देतो. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजसोबत कॉपीराइटची फाइल असते आणि तिच्या यंत्राला वाचता येणाऱ्या नमुन्यात अपवाद लिहिण्याची सोय आहे.

या सर्वांचे सार काढले तर चांगल्या नोंदीत पाच गोष्टी असाव्या लागतात. मूळ परवाना आणि त्याची आवृत्ती. अपवादाचे नाव आणि त्याची आवृत्ती. अपवादाचा शब्दशः पूर्ण मजकूर. तो कोणत्या फाइलींना लागू आहे याचा त्या फाइलींवरच उल्लेख. आणि तो देणारा कॉपीराइटधारक कोण, ही माहिती. प्रकल्पाने स्वतःचा वेगळा अपवाद लिहिला असेल, तर त्याला प्रचलित अपवादाचे नाव देऊ नये. नाव तेच आणि मजकूर निराळा, यासारखा घोटाळा दुसरा नाही.

नेहमीच्या चुका

पहिली चूक म्हणजे अपवाद केवळ माहितीपत्रकात लिहिणे. एखादी फाइल दुसऱ्या प्रकल्पात उचलून नेली जाते तेव्हा माहितीपत्रक मागेच राहते आणि सवलतीचा पुरावाही. दुसरी चूक ‘अपवादांसह जीपीएल’ अशी मोघम नोंद करण्याची. कोणता अपवाद, हे त्यातून कळत नाही. तिसरी चूक दुसऱ्याच्या कोडवर आपला अपवाद चिकटविण्याची. तसा अधिकारच आपल्याला नसतो. चौथी चूक परवाना बदलताना जुना अपवाद तसाच ठेवण्याची. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेले वाक्य तिसऱ्या आवृत्तीला जसेच्या तसे लागू पडेल, याची खात्री नसते.

अपवाद हे केवळ जीपीएलचेच असतात, हाही एक गैरसमज. ‘एलएलव्हीएम’ या कंपायलर प्रकल्पाने २०१९ पासून ‘अपाचे’ परवाना स्वीकारला, पण सोबत स्वतःचा अपवाद जोडला. कंपायलरचे तुकडे तयार प्रोग्रॅममध्ये उतरल्यास श्रेयनिर्देशाची अट लागू नये आणि जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखालील सॉफ्टवेअरशी जोडताना अडचण येऊ नये, असा त्याचा दुहेरी हेतू आहे. पूर्वी जीसीसीला पडलेला प्रश्न वेगळ्या परवान्याच्या दारातून पुन्हा आला आणि उत्तरही अपवादाच्याच रूपाने मिळाले.

भारतीय कंपन्यांपुढील काम

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये संगणक प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतीत होते. कॉपीराइटच्या मालकाने आपल्या हक्काचा काही भाग परवान्याने दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी असावा, असे या कायद्याचे ३० वे कलम सांगते. त्यामुळे ‘सर्वांना ठाऊक आहे’ या भरवशावर विसंबणे आपल्याकडेही धोक्याचेच.

अलीकडे या विषयाला नियामकांचेही बळ मिळाले आहे. ‘सेबी’ने ऑगस्ट २०२४ मध्ये जारी केलेल्या सायबर सुरक्षा चौकटीत, भांडवली बाजारातील संस्थांनी महत्त्वाच्या प्रणालींसाठी सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी अर्थात ‘एसबॉम’ घेण्यास सांगितले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘सर्ट-इन’नेही अशा यादीबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये छापावीत, तशी ही सॉफ्टवेअरची यादी. घटक कोणाचा, आवृत्ती कोणती, यासोबत परवाना कोणता याचीही माहिती त्यात अपेक्षित असते. यादीत नुसते ‘जीपीएल’ असे आले, तर ग्राहकाचा विधी विभाग धास्तावतो. तेथेच ‘क्लासपाथ अपवादासह’ असे अचूक आले, तर तोच घटक बिनघोर वापरता येतो. मुंबईतील दलाली पेढी असो वा पुण्यातील सॉफ्टवेअर कंपनी, एका ओळीच्या या फरकावर अभियंत्यांचे कित्येक आठवडे वाचतात किंवा वाया जातात.

मुक्तस्रोत चळवळीचा पाया परस्परांवरील विश्वासाचा आहे, हे खरे. पण कोड लिहिणारे बदलतात, कंपन्या विकल्या जातात, प्रकल्पांच्या फांद्या फुटतात. सवलत देणारा मनाने उदार असला, तरी दहा वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला त्याचे मन वाचता येत नाही. त्याला फाइलीच्या माथ्यावरची ओळच वाचता येते. ती ओळ लिहायला एक मिनिट लागते; ती नसेल तर शंभर लेखकांना शोधत फिरावे लागते.